दोन कळक आणि एक मडकं

आमच्या घरात कोणीही वारलेलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. इस्लामपुरात अजूनही काही माणसं मला रस्त्यात थांबवून हळू आवाजात विचारतात, "वडील कसे गेले हो?" आणि मी "चालत गेले, भाजी आणायला" असं खरं उत्तर दिलं की दुखावतात.

झालं ते सगळं पोपटांच्या खेळण्यांवरून झालं. पोपट माझे नव्हेत. माझी मुलगी प्रांजल पुण्यात नोकरी करत होती, तेव्हा तिनं सन कन्युअर नावाची एक परदेशी जोडी पाळली. वीतभर पाखरं, हळदीत बुडवून शेंदराचा हात फिरवल्यासारखी. नावं जिलेबी आणि बर्फी. पुढे तिला बंगळूरला नोकरी लागली, तिथल्या घरमालकानं पक्षी नकोत म्हणून सांगितलं, आणि "थोडे दिवस हं बाबा" म्हणत तिनं पिंजरा आमच्या हॉलमध्ये आणून ठेवला. हिची सायकल आमच्याकडे आठवीपासून थोडे दिवस आहे. गिटार थोडे दिवस आहे. त्यामुळे मी काय ते समजलो.

घरात आम्ही तिघं. मी जयराज, कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. बायको दीपमाला. आणि माझे वडील नाथाजी, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. आबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, पण ते फक्त सरकारच्या लेखी. ते पाखरांशी बोलत नसत. "जवानाचं नाव जिलेबी असतंय व्हय?" एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

महिनाभर बरं चाललं. मग बर्फी छातीवरची पिसं उपटायला लागली. रोज सकाळी पिंजऱ्याखाली पिवळ्या पिसांचा सडा, आणि छातीवर रुपयाएवढं टक्कल. टकलाचं दुःख काय असतं हे मला कोणी सांगायला नको. शिवाय प्रांजल रोज व्हिडिओ कॉल करून "बर्फीला दाखवा ना" म्हणायची आणि मी बर्फीची फक्त पाठ दाखवायचो. असं किती दिवस चालणार?

सांगलीला पक्ष्यांवर इलाज करणाऱ्या एक डॉक्टर आहेत असं कळलं. डॉक्टर अंकिता. वयानं प्रांजलएवढ्याच. पिंजरा मांडीवर घेऊन एसटीनं गेलो. त्यांनी बर्फीला टॉवेलमध्ये गुंडाळून, उलटीसुलटी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजार काही नाही काका. कंटाळलीय."

"कंटाळलीय?" मी म्हटलं. मी एकोणीसशे शहाण्णव साली ऑफिसात चिकटलो तेव्हापासून कंटाळलोय. मला कोणी सांगलीला आणलं नव्हतं.

"हिला एन्रिचमेंट हवी. रोज."

मला वाटलं गोळी आहे. "जेवणाआधी की नंतर?"

"तेच तर! जेवणच तसं द्यायचं. वाटीत आयतं नाही. लपवून ठेवायचं, शोधून, फोडून, कुरतडून खायला लावायचं. आणि खेळणी द्यायची. पण सुरक्षित."

मग त्यांनी काय काय नको ते सांगितलं. रंगवलेलं लाकूड नको. जस्ताचा मुलामा दिलेली साखळी नको. नायलॉनचा दोरा नको, बोटात अडकतो. आरसा नको. घुंगरू तर मुळीच नको. मला वाटलं संपलं. तर म्हणाल्या, नॉनस्टिक तवा तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं. उदबत्ती नको, धूप नको, कापूर नको, डासांची कॉइल नको, फोडणीचा धूर नको.

"मग हवं काय?" मी घाबरून विचारलं.

"साधा बांबू. औषध न मारलेला. जाड काथ्या. रंग न दिलेलं मातीचं भांडं. ज्वारीची कणसं. आणि रोज कोणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवं."

घरी येऊन मी हे आबांना सांगितलं. आबांनी पेपर खाली केला. "कामाला लावून खायला घालायचं? म्हंजे फटीग. फौजेत ह्यालाच फटीग म्हणत्यात." आणि चष्मा पुसून प्रथमच पिंजऱ्याकडे नीट पाहिलं. "मी घेतो पलटण ताब्यात."

इथून माझ्या हातात काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले. सकाळी हजेरी, मग दाणे शोधायची फटीग, मग आंघोळ, दुपारी आराम, संध्याकाळी खेळ. ते रोज सकाळ-संध्याकाळ चौकात जाऊन बसायचे, ते बंद झालं. "पोस्ट सोडून कसं जायचं?" म्हणायचे. प्रांजलनं सुचवलं की मोबाइलवर जंगलाचे आवाज लावा, पाखरांना बरं वाटतं. तेव्हापासून माझा फोन पिंजऱ्याशेजारी. मध्येच कोणाचा फोन आला की जिलेबी दचकायची, म्हणून आबांनी तो विमान मोडवर टाकून ठेवला. लोकांचे फोन मला लागेनासे झाले आणि मला वाटलं, लोकांनी मला समजून घेतलं.

दीपमालानं उदबत्ती बंद केली, देवापुढे नुसतं फूल. फोडणी बंद केली. "पाखरांपायी आपण उकडलेलं खायचं," असं एकदा म्हणाली आणि नंतर म्हणालीच नाही, हे जास्त वाईट होतं.

शेजारच्या नानासोंनी या सगळ्यात उडी घेतली नसती तर नवल. नानासो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता रिटायर. त्यांनी आधी आरसा आणला. "आरशात जोडीदार दिसला की रमतंय पाखरू."

"पण जोडीदार आहे की शेजारी!"

"बायको शेजारी असतीच की हो. तरी माणूस आरशात बगतोयच."

मी आरसा उचलून बाजूला ठेवला. तोवर त्यांनी पिंजऱ्यात बैलाच्या गळ्यातलं घुंगरू टांगलंसुद्धा. जिलेबीनं त्याच्या फटीत बोट घातलं. पुढचा प्रसंग थोडक्यात सांगतो. नानासो बॅटरी धरून, आबा "शांत! कोणी हलायचं न्हाई!" असं ओरडत, दीपमाला तेलाची वाटी घेऊन, आणि मी मधोमध. जिलेबीचं बोट सहीसलामत सुटलं. माझ्या बोटाला टाके पडले आणि पांढरं बँडेज आलं.

जाता जाता नानासो म्हणाले, "पण पोपट पाळणं गुन्हा हाय, म्हाईत हाय न्हवं?" मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी जंगल खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांना सांगितलं की आमचे पोपट देशी नाहीत, परदेशी आहेत, मुलीनं ऑनलाइन नोंद केलेली आहे, सगळं नियमात आहे.

"मग आलात कशाला?"

"नियमात आहे, हे सांगायला."

त्यांनी हातातली फाइल मिटली. "नियमात असलेलं सांगायला इथं कोणी येत नसतं. खरं काय ते बोला." मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी माझा पत्ता उतरवून घेतला. त्या कचेरीत आता संशयित म्हणून माझी गणना होते की प्रामाणिक म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

मिशीचं प्रकरण त्यानंतरचं. बर्फी माणसाळावी म्हणून तिला खांद्यावर घेऊन बसायचं असं ठरलं. तिला माझी मिशी आवडली. हळूहळू, एकेक केस, इतक्या मायेनं विंचरत होती की माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा डावी बाजू शिल्लक नव्हती. "फौजेत अर्धी मिशी ही शिक्षा आसती," आबा म्हणाले. उरलेली अर्धी मी स्वतःच काढली. डोक्यावर केस तसेही नव्हतेच. त्यात जिलेबी रंगीत कपड्यांना बिचकते म्हणून मी घरी पांढरा सदरा-लेंगा घालू लागलो होतो.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. टक्कल, सफाचट मिशी, पांढरे कपडे, बोटाला बँडेज. अशा अवस्थेत एका शनिवारी दुपारी मी बाजारात कळक आणायला गेलो. आमच्याकडे बांबूला कळक म्हणतात.

दुकानदार मला पाहून उठून उभा राहिला. गिऱ्हाईकासाठी उभा राहणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो.

"कळक पाहिजेत," मी म्हटलं. "दोन लांब, बाकी आडवे बांधायला तुकडे."

"घरातलंच का?" त्यानं हळूच विचारलं.

"घरातलंच. नाहीतर एवढी धावपळ कोण करतं?"

"काय झालं हुतं?"

"आजार काही नाही. कंटाळा. डॉक्टर म्हणाल्या, आत जीव कंटाळला की असं होतं."

"खरं हाय. वय झालं की जीव कंटाळतोयच."

"वय कसलं हो! हे काय वय आहे?"

त्यानं मान हलवली. "आपलं माणूस कितीबी वयाचं असू द्या साहेब, आपल्याला आसंच वाटतंय."

पोपटांना माणूस म्हणणारा दुकानदार. माझं मन भरून आलं. त्यानं आपणहून सुंभाचं भेंडोळं काढलं. मग म्हणाला, "मडकं?"

"बरी आठवण केलीत. बिनरंगाचं द्या. भोक मी घरी पाडीन."

"घरी न्हाई पाडायचं. तितं गेल्यावर पाडायचं आसतंय."

तितं म्हणजे पिंजऱ्यात टांगल्यावर, असं मी समजलो. याला एवढं कसं माहीत, याचं आश्चर्य करत पैसे द्यायला गेलो, तर त्यानं सुट्टे परत करताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

लांब कळक स्कूटरला आडवे बांधले, मडकं हँडलला अडकवलं आणि स्कूटर ढकलत चालत निघालो. बाजारातली गर्दी आपोआप बाजूला होत होती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एका हॉटेलवाल्यानं गाणी बंद केली. मी सगळ्यांना मान लववून नमस्कार करत होतो. एवढी वर्षं या गावात कारकुनी केली ती वाया गेली नाही, असं काहीसं वाटून गेलं. स्टँडजवळ आमच्या गावाकडचा एक ओळखीचा माणूस भेटला. आमचं मूळ गाव खंडाळा तालुक्यात. तो डोळे पुसत घाईनं फोन काढत निघून गेला. डोळ्यांत कचरा गेला असेल, असं मी धरून चाललो.

घरी आबांनी हॉलमध्ये फरशीवरच सामान मांडलं. दोन लांब कळक समांतर, मध्ये आडवे तुकडे, सुंभाच्या गाठी. पाखरांना चढायला शिडी. बनियन-धोतरात मांडी घालून ते काम करत होते आणि मी ज्वारीची कणसं बांबूच्या नळ्यांत कोंबत होतो. संध्याकाळ झाली. या जातीची पाखरं दिवस मावळताना ओरडतात. ओरडतात म्हणजे, एखाद्या बाईनं हंबरडा फोडावा तशी. त्या दिवशी दोघांनी मिळून फोडला.

मी बाहेर आलो तर अंगणात माणसं बसलेली. कॉलेजातले, गल्लीतले, चौकातले आबांचे दोस्त. सगळे गप्प. खरी गोष्ट सांगू शकणारे नानासो नेमके लेकीकडे पाचगणीला गेलेले. मला वाटलं, बाजारात कळक पाहून मंडळी पाखरं बघायला आली. दोन बायकांनी झाकलेली टोपली आणून पायरीवर ठेवली. आत पिठलं-भाकरी होती. फोडणी बंद आहे हे लोकांपर्यंत पोहोचलं तर, असं मी म्हटलं मनात.

"कुणासाठी थांबायचं का?" एकानं विचारलं.

"छे. मुलीला व्हिडिओवर दाखवू. बांधून होतच आलंय."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या ऑफिसातला ऋषिराज पुढं आला. "साहेब, दर्शन घेतलं असतं."

"घ्या की! पण एकेकानं जा. गर्दी बघून घाबरतात."

ऋषिराज चपला काढून, हात जोडून आत गेला. आत आबा अर्धवट बांधलेल्या कळकांपुढे बसलेले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आलास? बरं झालं. हे टोक धर, गाठ आवळतो."

ऋषिराजची किंकाळी पाखरांच्या वरताण होती. तो आला तो थेट फाटकाबाहेर. "स्वतःची ताटी स्वतःच बांधायलेत!" एवढंच त्याला बोलता आलं. आमच्याकडे तिरडीला ताटी म्हणतात.

तेव्हा मला कळलं. माझी मिशी, माझे कपडे, कळक, मडकं, सुंभ, उदबत्तीशिवायचं घर, सगळं एकदम कळलं. मी मटकन पायरीवर बसलो. लोकांना ते शोकाचंच लक्षण वाटलं. आबांना दारात आणून दाखवावं लागलं. मग जो तो हसायला लागला. काही जण मात्र हिरमुसले. शनिवार फुकट गेला होता.

एवढ्यात कोपऱ्यावर जीप थांबली आणि आवाज आला, "दादा रंऽऽ!"

आबांचा चेहरा बदलला. तो तात्याबांचा आवाज होता. माझे चुलते, आबांचे एकुलते भाऊ. दोघांत बारा वर्षं बोलणं नव्हतं. आबांच्या मते भांडण विहिरीच्या मोटरीवरून झालं, काकांच्या मते माझ्या लग्नातल्या पंगतीवरून. माझ्या लग्नाला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, तेव्हा काकांचा हिशोब काही जुळत नाही. मी दोघांनाही विचारून पाहिलं आहे. अधिकच गोंधळलो.

मी सांगायला धावणार, तेवढ्यात आबांनी ओठांवर बोट ठेवून अंगणातल्यांना दटावलं आणि माझा दंड पकडून मला दाराआड ओढलं. "थांब. काय म्हणतोय ते ऐकू दे."

"आबा, ते रडताहेत!"

"म्हणूनच."

तात्याकाका अंगणात आले. मागं गावची माणसं. काकांनी पायरीवर डोकं टेकलं. "दादा रं, मला न सांगता गेलास व्हय! मोटरसायकलवर मला पुढं बसवून जत्रेला न्हेलास, आन् आता यकटाच गेलास! रोज म्हनायचो, उद्या फोन करू. उद्या करू. माजंच चुकलं, दादा. सगळं माजंच चुकलं."

"ऐकलंस?" आबा माझ्या कानात पुटपुटले. "साक्षीदार हाईस तू." पण माझा दंड त्यांनी सोडला नाही. सुंभाची दोरी तशीच मुठीत होती. आबांना डोळे पुसताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आताही त्यांनी पुसले नाहीत. तसेच वाहू दिले.

"मला मागल्या पंगतीला बसवलंस," काका हुंदके देत म्हणाले, "तरी मी पोटात घालाय पायजे हुतं..."

"मधल्या!" आबा दाराआडून गरजले.

आबा बाहेर आले. "मधली पंगत हुती, तात्या. मागली न्हवं. आन् हळू रड, पाखरं घाबरत्यात."

तात्याकाका तोंड उघडं टाकून पाहत राहिले. उठले. आबांच्या खांद्याला, गालाला हात लावून पाहिला, आंब्याचा पिकलेपणा बघावा तसा. मग गर्रकन माझ्याकडे वळले आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

"मग ह्येची मिशी कुटं गेली?"

"पोपटानं खाल्ली," मी म्हटलं.

आयुष्यात मी जी काही खरी विधानं केली, त्यांतलं इतकं खोटं वाटणारं दुसरं नाही. दुसरा धपाटा बसला.

जीपभर माणसं उपाशी आलेली. त्यांनी अंगणात बसून पिठलं-भाकरी खाल्ली. ती माणसं हसत होती, मध्येच गप्प होत होती, पुन्हा हसत होती. दोघं भाऊ शेजारी बसले होते. आबांनी स्वतःच्या ताटलीतला कांदा काकांच्या ताटलीत टाकला आणि काकांनी तो न बघता खाल्ला.

सकाळी गावची माणसं परत गेली. काका "जरा हे मडकं टांगून जातो" म्हणून मागं राहिले. मडकं पिंजऱ्यात डावीकडे टांगायचं की उजवीकडे, यावर दोघांचा वाद सुरू झाला आणि दुपारी तो शिडीवर गेला. काका मयताला म्हणून आलेले, तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काहीच आणलेलं नव्हतं. आबांचे सदरे घालून हिंडायचे. सकाळची फटीग आबांची, संध्याकाळची काकांची. काका नळीत दाणे कमी भरतात आणि आबा गाठ फार आवळतात, अशी दोघांची एकमेकांबद्दलची तक्रार रोज माझ्याकडे येते. मी दोघांनाही "बरोबर आहे" म्हणतो. बर्फीच्या छातीवर आता बारीक पिवळे कोंब दिसतात. ते खेळण्यांमुळे, की समोर दिवसभर चाललेल्या भांडणामुळे, हे डॉक्टर अंकितांनाही नक्की सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात हरणाबाई काकींनी खंडाळ्याहून एसटीच्या पार्सलनं काकांची पत्र्याची पेटी पाठवली. चांगली जड. मी ती उचलून हॉलमध्ये आणली. आबांनी पेटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"किती दिवसांचं सामान मागवलंयस रं?"

काका पेटीवर बसले आणि ज्वारीचं कणीस नळीत कोंबू लागले. "तुला काय करायचंय? मी मयताला आलोय. मेलेल्यानं पाव्हण्याची चौकशी करायची नसती."

आबांनी सुंभाचं टोक काकांकडे सरकवलं, आणि काकांनी ते धरलं.